चौदा चाकी गाडीचा रस्ता मोबाइलवर का ठरवू नये

नागपूरला अमरावती रोडवर वाडीला आमचे ट्रान्सपोर्टचे ऑफिस आहे. गाडी भरली, बिल्टी म्हणजे मालाची पावती झाली, जीएसटीखालचे माल नेण्याचे ई-वे बिल निघाले, की आजकाल बहुतेक ड्रायव्हर काचेला लावलेल्या मोबाइलवर माल उतरवायचा पत्ता टाकतात आणि तो सांगेल त्या रस्त्याने निघतात. मोबाइलवरच्या नकाशाबद्दल माझी तक्रार नाही. अनोळखी शहरात रात्री-बेरात्री शिरणाऱ्या ड्रायव्हरचा किती मनस्ताप त्याने वाचवला आहे, हे मी रोज पाहतो. परंतु जड गाडीने कोणत्या रस्त्याने जायचे हे ठरवणे आणि ठरलेल्या रस्त्यावर वाट दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांपैकी पहिले कामही आपण मोबाइलवर सोपवून मोकळे झालो आहोत, याची मला मनापासून काळजी वाटते. रस्ता आदल्या दिवशी, कागदी नकाशा समोर पसरून आणि ड्रायव्हरला सोबत बसवून ठरवावा, आणि मोबाइल त्या रस्त्यावर टिकून राहण्यासाठी वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

उपग्रह नेमके काय करतात, ते आधी पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. त्यांपैकी किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की मोकळ्या आकाशाखाली आपण कुठे आहोत हे मोबाइल काही मीटरच्या फरकाने सांगू शकतो. इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून उभारलेली ‘नाविक’ ही यंत्रणाही याच कामासाठी आहे. उपग्रहाचे काम तिथे संपते. कोणत्या चौकात डावीकडे वळायचे हे सांगते ते नकाशाचे सॉफ्टवेअर, आणि ते रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ धरून सर्वांत कमी वेळेची वाट काढते. हा वेळ कोणत्या वाहनाचा धरला आहे, यावर सारे अवलंबून आहे. गूगल मॅप्समध्ये मोटारीचा पर्याय आहे, २०१७ च्या डिसेंबरमध्ये भारतासाठी दुचाकीचा पर्याय आला, ट्रकचा पर्याय मात्र नाही. अरुंद रस्ते टाळण्याची सोय २०२४ मध्ये आली ती चारचाकी मोटारींसाठी, आणि ज्या आठ शहरांपासून तिची सुरुवात झाली त्यांत इंदूर आणि भोपाळ होते, नागपूर नव्हते. म्हणजे चौदा चाकी गाडीच्या केबिनमध्ये बसलेला माणूस ज्या सूचना ऐकत असतो, त्या एका मोटारीसाठी काढलेल्या असतात.

मोटारीला रस्ता आहे की नाही, एवढेच पाहावे लागते. ट्रकला उंची, लांबी, वजन, वळण, चढ आणि वेळ हे सगळे पाहावे लागते. अजनीच्या कंटेनर डेपोतून निघणारा साडेनऊ फुटी कंटेनर घ्या. त्याची उंची सुमारे २.९ मीटर, ट्रेलरचा प्लॅटफॉर्म जमिनीपासून साधारण दीड मीटर, म्हणजे एकूण ४.४ मीटर झाले. महामार्गावर मोठ्या वाहनांसाठी बांधलेल्या भुयारी मार्गाला साडेपाच मीटर उंची ठेवतात, तिथून हा कंटेनर आरामात जातो. पण हलक्या वाहनांसाठी ठेवलेले भुयारी मार्ग चार मीटरचे किंवा त्याहूनही ठेंगणे असतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर हे दोन्ही मार्ग सारख्याच जाडीच्या रेषेने काढलेले दिसतात. शहरातला लोहापूल किंवा असाच एखादा जुना, ठेंगणा रेल्वेपूल नागपूरच्या ड्रायव्हरला ठाऊक असतो, म्हणून तो तिकडे फिरकत नाही. हरियाणाहून किंवा तामिळनाडूतून पहिल्यांदा आलेल्या ड्रायव्हरला ते कोण सांगणार?

कामठी रोडवरच्या गड्डीगोदामला तर हा प्रश्न डोळ्यांनी पाहता येतो. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर २०२४ मध्ये सुरू झालेला उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, असे चार मजले एकावर एक आहेत. उपग्रहावरून मिळणारा ठिपका या चारही मजल्यांसाठी जवळजवळ एकच असतो, त्यामुळे गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे मोबाइलला अंदाजानेच ठरवावे लागते आणि तो अंदाज कधीकधी चुकतो. मोटारीला त्यामुळे पाच मिनिटांचा फेरा पडतो. सोळा-सतरा मीटर लांबीच्या ट्रेलरला मात्र चुकीच्या फाट्यावर शिरल्यावर मागे घेणे हे दोन माणसांचे आणि अर्ध्या तासाचे काम असते, आणि तेवढा वेळ मागची सगळी रहदारी हॉर्न वाजवत उभी राहते.

आता जे सांगतो ते वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावाजवळ घडले. हैदराबादकडून लोखंडी माल घेऊन येणारा एक ट्रेलर उमरेडकडे जात होता. नेहमीचा रस्ता म्हणजे चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गाने बुटीबोरीपर्यंत यायचे आणि तिथून उजवीकडे वळायचे. मोबाइलने जामवरून समुद्रपूर-गिरडचा रस्ता दाखवला, कारण तो अंतराने कमी होता, आणि ड्रायव्हर राजस्थानचा असल्यामुळे त्याने तो निमूटपणे घेतला. दिवस पावसाळ्याचे होते. समोरून एसटी आली, रस्ता जेमतेम एका गाडीचा, म्हणून त्याने सभ्यपणे डावी चाके साइडपट्टीवर उतरवली. विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते, हे आपल्याकडच्या पोराटोरांनाही माहीत असते. बघता बघता डावीकडची चाके निम्मी आत गेली आणि सगळा माल एका बाजूला कलला. हिंगणघाटहून क्रेन मागवावी लागली, आणि ती मिळवून देण्यासाठी आमच्या ऑफिसला फोन आला म्हणून ही हकीकत मला पहिल्यापासून ठाऊक आहे. गाडी बाहेर निघाली, माल वाचला, कोणालाही इजा झाली नाही; पण गाडीमालकाने क्रेनचे पैसे ड्रायव्हरच्या हिशेबातून कापले. “तुला रस्ता माहीत नव्हता तर विचारायचे,” असे त्याला ऐकवले गेले.

या अन्यायाची मला चीड येते. त्या माणसाला कोणी रस्ता सांगितला होता? बुकिंग करणाऱ्याने पत्ता दिला, मालकाने डिझेलचे पैसे दिले, आणि मधले सगळे मोबाइलवर सोडून दिले. सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसावर सर्वांत मोठा निर्णय ढकलायचा आणि तो फसला की भुर्दंडही त्याच्याच खिशातून काढायचा, ही पद्धत आपल्या धंद्यात इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकतही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तीन जणांचा जीव गेला, तेव्हा नकाशा चुकीचा होता की पुलावर अडथळा लावला नव्हता, यावर बरीच चर्चा झाली. मला त्यात एवढेच दिसते की पडद्यावरची रेष समोरचा रस्ता खात्रीने असल्याची हमी देत नाही, आणि ही गोष्ट स्टिअरिंगवर बसलेल्या प्रत्येकाला कोणीतरी समजावून सांगितली पाहिजे.

कागदी नकाशाचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. मोबाइल पुढचे वळण दाखवतो. टेबलावर पसरलेला नकाशा नागपूरपासून भिवंडीपर्यंतचा सगळा प्रदेश एका नजरेत दाखवतो, आणि पर्याय एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय निवड करता येत नाही. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीचेच पाहा. अमरावती, अकोला, मलकापूर, जळगाव, धुळे आणि मग नाशिक हा जुना रस्ता. आणि दुसरा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, ज्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मोबाइल डोळे झाकून समृद्धी दाखवतो, आणि मोटारीसाठी ते योग्यच आहे. पण तिथे जड वाहनाला वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरची आहे, त्यामुळे मोटारीच्या वेगावरून काढलेला वेळ आपल्या कामाचा नाही. टोल मोटारीला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास पडतो, जास्त चाकांच्या गाडीला त्याच्या कित्येक पट. गाडीत अकोल्याचा अर्धा माल असेल तर समृद्धीचा उपयोगच नाही, कारण तो रस्ता अकोल्याला न शिवता कारंजा, मेहकरवरून पुढे जातो. उलट सगळा माल भिवंडीच्या गोदामांचा असेल, तर आमणे भिवंडी तालुक्यातच असल्यामुळे टोल भरूनही समृद्धी परवडते, कारण कसाऱ्याचा घाट आणि नाशिकपुढची गर्दी दोन्ही टळतात. शिवाय सरळ, एकसुरी रस्त्यावर पहाटे डुलकी लागण्याची भीती असते, म्हणून कोणत्या इंटरचेंजपाशी, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जागेपाशी, थांबायचे हे आधीच नक्की करावे लागते. तिथे मनात आले आणि गाडी धाब्यावर घेतली, असे करता येत नाही. या सगळ्याचा हिशेब दहा मिनिटांत होतो, पण तो करायला दोन माणसे आणि एक मोठा कागद लागतो.

चढाच्या बाबतीत तर कागदाला तोड नाही. नागपूरहून सावनेर, सौसरमार्गे छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. मोबाइलवर तो रस्त्याचा आणखी एक वाकडा तुकडा वाटतो. सर्वे ऑफ इंडियाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, तेव्हा भरलेल्या गाडीला इथे कोणत्या गिअरमध्ये चढावे लागेल आणि उतरताना ब्रेक किती तापतील, याचा अंदाज जागेवर बसून येतो. भरलेली मोठी गाडी सपाट रस्त्यावर लिटरमागे तीन-चार किलोमीटर चालते. घाटात तेवढीही चालत नाही, आणि अंतराने कमी असलेला रस्ता डिझेलने महाग पडतो. ज्यांनी शाळेत स्थलनिर्देशक नकाशा फक्त मार्कांसाठी वाचला, त्यांनी तो एकदा टनांच्या हिशेबाने वाचून पाहावा.

या नकाशांचा आणि आपल्या भागाचा संबंध जुना आहे, म्हणून थोडे विषयाबाहेर जातो. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली. कोन मोजण्याचे अर्ध्या टनाचे यंत्र, थिओडोलाइट, बरोबर घेऊन वीस वर्षे मोजत मोजत ते उत्तरेकडे आले आणि जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला वारले. आज त्याच हिंगणघाटवरून रात्रंदिवस ट्रक जातात. नागपूरच्या, अंतरे मोजण्यासाठी उभारलेल्या झिरो माइलच्या खांबापाशी मोटारी थांबवून लोक फोटो काढतात. हिंगणघाटच्या लॅम्टन यांच्या समाधीची आठवण मात्र फार थोड्यांना असते. मोबाइलमधल्या नकाशाच्या मुळाशीही अशाच पायी केलेल्या मोजणीची परंपरा आहे, आणि त्या मेहनतीचा मान ठेवायचा तर नकाशा वाचायला शिकले पाहिजे, असे मला वाटते.

कागद जुना होतो, हे खरेच आहे. महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले, पण वाडीतले जुने ड्रायव्हर आजही ‘सात नंबर’ आणि ‘सहा नंबर’ म्हणतात, आणि ऑफिसमधल्या जुन्या नकाशांवरही तेच आकडे आहेत, तर रस्त्यावरच्या पाट्यांवर ४४ आणि ५३ लिहिलेले असते. २०२२ पूर्वी छापलेल्या नकाशावर समृद्धी महामार्ग सापडणार नाही. जकातनाके गेले, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे करनाकेही गेले, आणि ज्या रांगा धरून आम्ही वेळ काढायचो त्या रांगा उरल्या नाहीत. पुढे अपघात झाला आहे, पूल खचला आहे, मोर्चामुळे रस्ता अडला आहे, यांतले काहीही कागद सांगू शकत नाही आणि मोबाइल सांगतो. म्हणून आम्ही भिंतीवरच्या नकाशावर जाड प्लास्टिक लावून त्यावर पेन्सिलीने दुरुस्त्या करतो: ठेंगण्या पुलांपाशी लाल फुली, पावसाळ्यात पाणी चढणाऱ्या नाल्यांपाशी निळी, आणि ज्या गावांतून मोठी गाडी वळत नाही त्यांच्याभोवती गोल. या खुणांपैकी बहुतेक ड्रायव्हरांनी परत आल्यावर सांगितलेल्या आहेत. मौद्याच्या बाजूचे एक वयस्कर ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. माल उतरवून आले की ते आधी चहा घेत नाहीत, नकाशापाशी जातात. एकदा बुटीबोरीच्या एका कारखान्याजवळ खूण करताना ते म्हणाले, “भाऊ, मोबाइल कंपनीच्या नावावर नेते अन् ऑफिसच्या दारात उभं करते. मालाचं गेट मागच्या रोडले हाय, हे त्याले कोण सांगंन?” तेव्हापासून एमआयडीसीतल्या प्रत्येक पत्त्यापुढे आम्ही गेट कोणत्या रस्त्याला आहे ते लिहितो.

नकाशा पाहून झाला की अर्ध्या पानाची चिठ्ठी तयार होते. चालत्या गाडीत कोणी नकाशा उघडू नये, आणि मोबाइलकडेही टक लावून पाहू नये. म्हणून चिठ्ठीत मोठ्या अक्षरांत फक्त गावे, फाटे, डिझेलच्या आणि झोपेच्या जागा आणि बंदीच्या वेळा असतात. बहुतेक वेळा ती हिंदीत लिहितो, कारण स्टिअरिंगवर बसणारे निम्मे लोक मराठी वाचत नाहीत. संत्र्यांचा ट्रक केरळातल्या कोळीकोडला जायचा असेल आणि म्हैसूरवरून नेण्याचे ठरले असेल, तर चिठ्ठीवर पहिली ओळ बंदीपूरची असते: जंगलातला तो महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो. ही वेळ चुकली तर नासणारा माल फाटकापाशी रात्रभर उभा राहतो. त्या एका फाटकाच्या वेळेवरून नागपूर किती वाजता सोडायचे हे उलट मोजत यावे लागते, आणि तसा हिशेब मोबाइल आपण होऊन करत नाही. ई-वे बिलाची मुदतही याच चिठ्ठीवर येते. २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो आणि अवजड, मापाबाहेरच्या मालाला दर २० किलोमीटरमागे. लांबचा रस्ता निवडला तर दिवस पुरतील का, हे निघण्यापूर्वी बघायचे असते. शहरातल्या दिवसाच्या प्रवेशबंदीच्या वेळा बदलत राहतात, त्या मात्र आम्ही त्या-त्या दिवशी फोन करून विचारतो.

गडचिरोलीच्या आतल्या भागात किंवा मेळघाटात हरिसाल, सेमाडोहकडे मोबाइलची रेंज जाते. तिथे उपग्रहाचा संकेत मिळत राहतो, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा हलताना दिसतो. नकाशा आधी उतरवून घेण्याची सोय मोबाइलमध्ये असते आणि ती फुकट आहे. आमच्या ऑफिसमध्ये ते काम चिठ्ठीबरोबरच केले जाते.

एक गोष्ट मालकांना स्पष्ट सांगायची आहे. गाडीवर बसवलेला ट्रॅकर म्हणजे रस्त्याचे नियोजन नव्हे. गाडी कुठे आहे हे तुम्हाला ऑफिसमध्ये दिसते, याचा ड्रायव्हरला काहीही उपयोग नाही. उलट गाडी ठरल्या रस्त्यावरून हटली म्हणून फोनवर ओरडण्यासाठीच त्याचा वापर होतो, आणि तो रस्ता कोणी ठरवला होता हे कोणी विचारत नाही. मालकाने ट्रॅकरवर खर्च करावा, पण त्याआधी बुकिंगच्या वेळी गाडीची उंची, लांबी आणि भरल्यानंतरचे वजन लिहून घेण्याची सवय लावावी. आमच्या बिल्टीवर आता या तीन आकड्यांसाठी जागा आहे आणि ती रिकामी असेल तर चिठ्ठी निघत नाही.

नकाशे बनवणाऱ्या कंपन्यांकडून माझी मागणी साधी आहे. ट्रकसाठी वेगळा पर्याय द्यावा, त्यात उंची आणि वजन भरता यावे, आणि टोलही त्या गाडीचा दाखवावा. परदेशांत ट्रकसाठीची अशी उपकरणे अनेक वर्षांपासून विकली जातात, म्हणजे ते तंत्र नवे नाही. अडते ते माहितीपाशी. प्रत्येक रेल्वेपुलाखालची उंची रेल्वेच्या नोंदीत असते, महामार्गावरच्या भुयारी मार्गांची महामार्ग प्राधिकरणाकडे असते, शहरातल्या पुलांची महापालिकेकडे असते. ही सगळी माहिती एका ठिकाणी, कोणालाही घेता येईल अशी खुली केली, तर नकाशात तिचा समावेश करायला अडचण राहणार नाही. तोपर्यंत नागपुरातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी एवढे तरी करावे, की वाडी, कापसी, कळमना आणि बुटीबोरी इथल्या आपापल्या ड्रायव्हरांकडून ठेंगण्या पुलांची आणि न वळणाऱ्या चौकांची यादी करून ती एकमेकांना द्यावी. आमची यादी तयार आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी वाडीच्या ऑफिसमधून उतरवून न्यावी, आणि तुमच्या ड्रायव्हरांना ठाऊक असलेल्या ज्या जागा तिच्यात नसतील त्या लिहून द्याव्यात.